शेंगेन व्हिसा (कमी दिवसांचा मुक्काम): अर्ज, कागदपत्रं, तारखांचं गणित आणि नकाराची कारणं

पाणवठा (धागाकर्ता)

युरोपची सहल, नातेवाइकांची भेट, परिषद किंवा कामाची बैठक यांसाठी लागणाऱ्या 'सी' प्रकारच्या शेंगेन व्हिसाची (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा. मर्यादा एवढीच: भारतीय पासपोर्ट, भारतातून अर्ज, मुक्काम ९० दिवसांपर्यंत. शिक्षण, नोकरी किंवा त्याहून जास्त मुक्काम यांसाठी 'डी' व्हिसा लागतो आणि त्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. तो इथे नको.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. व्हिसा केंद्रावर (दूतावासासाठी अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचं कार्यालय) कागद घेणारी व्यक्ती निर्णय घेत नाही, आणि निर्णय घेणारा अधिकारी बहुतेकदा तुम्हाला भेटत नाही. त्याच्यापुढे फक्त गठ्ठा असतो. अर्जात परतीची तारीख १४, रजेचं पत्र १२ पर्यंतचं आणि विमा १३ ला संपणारा, असा गठ्ठा गेला की खात्यात कितीही पैसे असोत, शंका येतेच. म्हणून कागद गोळा करण्याआधी एका कोऱ्या कागदावर रोजची तारीख, गाव आणि मुक्कामाचं ठिकाण लिहून काढा. पुढचा प्रत्येक कागद त्या तक्त्याशी ताडून बघा.

कोणाकडे अर्ज करायचा. सध्या शेंगेनमध्ये २९ देश आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आला. बल्गेरिया आणि रोमानियाच्या हवाई व सागरी सीमा ३१ मार्च २०२४ पासून आणि जमिनीवरच्या १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन हे युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा.

ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम पाऊल ठेवणार त्या देशाकडे. प्रवासाचा मुख्य हेतू ठळक असेल (उदाहरणार्थ परिषद) तर तोही धरला जातो. फ्रान्स ४ दिवस, स्वित्झर्लंड ५, इटली ३ असा बेत असेल तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे.

कधी करायचा. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त ६ महिने, कमीत कमी १५ दिवस. अर्ज दाखल झाल्यापासून निर्णयाला १५ दिवस (सुट्ट्या धरून), आणि जास्त तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत. या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे असतो, त्यामुळे मध्येच दुसऱ्या देशाचा दौरा ठरवू नका.

शुल्क. ११ जून २०२४ पासून १२ वर्षं आणि पुढच्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्यांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. भारतात पैसे रुपयांत घेतात आणि विनिमयाचा दर दूतावास ठरवतो, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा बघून जा. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही.

पासपोर्ट. गेल्या १० वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. जुन्या पासपोर्टांवर व्हिसे असतील तर तेही सोबत न्या आणि त्या पानांच्या झेरॉक्स लावा. कायदा पाळून गेलेला आणि वेळेत परत आलेला माणूस, याचा तो सगळ्यात थेट पुरावा आहे.

बाकी प्रतिसादांत भर घालू या.

शेवंती

उत्तम सुरुवात. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी केंद्राच्या संकेतस्थळावर एकही तारीख दिसत नाही असं बरेच जण सांगतात. एजंट म्हणतात की अमुक देशाची तारीख लगेच मिळते, तिथे अर्ज करा आणि मग हवं तिकडे फिरा. हे कितपत चालतं?

कंदील

@शेवंती, हे करू नका. नियमाने अर्ज चुकीच्या देशाकडे गेला असं दूतावासाच्या लक्षात आलं तर तो विचारातच घेतला जात नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही आणि व्हिसा मिळाला, तरी सीमेवरचा अधिकारी हॉटेलची बुकिंगं मागू शकतो. व्हिसा खोट्या बेतावर मिळवलेला दिसला तर तो तिथेच रद्द होऊ शकतो, आणि ती नोंद शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा माहिती प्रणालीत ५ वर्षांपर्यंत राहते. बेत खरोखरच बदलला असेल तर गोष्ट वेगळी. दोनाचे तीन दिवस झाले म्हणून कोणी अडवत नाही. मुख्य देशात पाऊलच न टाकणं हा मात्र बेतातला बदल म्हणता येत नाही.

तारखांबद्दल: अर्ज ६ महिने आधी करता येतो ही सवलत वापरायची असते. मे महिन्यात जायचं तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच तारीख बघायला लागा. सुटलेल्या तारखा पुन्हा दिसतात, कारण लोक रद्द करतात, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा बघत राहणं उपयोगी पडतं. सतत रिफ्रेश केलं तर खातं काही तासांसाठी बंद पडतं. भेटीच्या तारखेसाठी दलालाला पैसे देऊ नका. अशा तारखा बऱ्याचदा दुसऱ्याच नावाने किंवा चुकीच्या पासपोर्ट क्रमांकावर घेतलेल्या असतात आणि केंद्राच्या दारातूनच परत यावं लागतं.

आणखी एक. केंद्र कोणतं, हे काही देशांसाठी तुम्ही राहता त्या राज्यावरून ठरतं. पासपोर्टवरचा पत्ता एका राज्याचा आणि नोकरी दुसऱ्या राज्यात असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल, कंपनीचं पत्र) लावा.

तळटीप

फोटोची भर. ३५ × ४५ मिलिमीटर, पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, ६ महिन्यांच्या आतला, चेहरा फोटोच्या ७० ते ८० टक्के. अमेरिकेच्या व्हिसासाठी काढलेला २ × २ इंचाचा फोटो कापून आणतात, त्यात चेहऱ्याचं प्रमाण बिघडतं. जुन्या व्हिसावरचाच फोटो पुन्हा लावला की लगेच ओळखू येतो, आणि तो ६ महिन्यांच्या आतला नाही हेही सिद्ध होतं.

बोटांचे ठसे दहाही घेतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. अर्जात त्यासाठी रकाना असतो, तिथे ठसे दिल्याची तारीख आणि जुन्या व्हिसाचा क्रमांक लिहा. बोटांच्या पेरांवर मेंदी, चिरा, पट्टी असेल तर यंत्र ठसा उचलत नाही. लग्नसराईत भेटीची तारीख घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

नावाचा घोळ: पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहा. वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये आलं असेल तर अर्जातही तिथेच. आडनावाचा रकाना पासपोर्टवर रिकामा असेल तर स्वतःच्या मनाने भरू नका. विमा, विमान आणि हॉटेल यांवरही तेच नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी 'जन्माच्या वेळचं आडनाव' हा रकाना नीट भरावा, बऱ्याच जणी तो तसाच सोडून देतात.

गुणाकार

दिवसांचं गणित मी घेतो, कारण इथे शिकलेली माणसंही चुकतात.

उतरण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजायचे. ५ जूनला उतरून १४ जूनला निघालात तर मुक्काम १० दिवसांचा. रात्री मोजून ९ लिहिलंत तर व्हिसा ९ दिवसांचा मिळू शकतो आणि शेवटचा दिवस बेकायदेशीर ठरतो. रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी उतरलात तरी तो दिवस पूर्ण धरला जातो.

आपल्याकडून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. '४ तारखेच्या रात्रीचं विमान' म्हणजे तिकिटावर ५ तारीख. कोणी रजेच्या पत्रात ४ लिहितो, विम्यात ६ आणि हॉटेलच्या बुकिंगवर ५. तक्ता बनवताना तिकिटावर छापलेली तारीखच खरी धरा.

पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर मिळाला की तीन आकडे वाचा: पासून-पर्यंत, मुक्कामाचे दिवस, प्रवेशांची संख्या. वरच्या उदाहरणात 'पासून ५ जून, पर्यंत २९ जून, मुक्काम १० दिवस' असं येईल, कारण एका प्रवासाच्या व्हिसाला साधारणपणे १५ दिवसांची मोकळीक जोडतात. विमान रद्द झालं, तारीख थोडी सरकली, तर उपयोगी पडावी म्हणून ती असते. २९ जूनपर्यंत राहायची ती परवानगी नाही. दिवस १० च.

९०/१८० चा नियम बहुप्रवेशी व्हिसावर खरा लागू पडतो. कुठल्याही दिवशी उभे राहा, त्या दिवसासकट मागचे १८० दिवस मोजा, त्यांत शेंगेनमधले दिवस ९० पेक्षा जास्त नकोत. समजा १ ते ३० मे आणि १ ते ३० ऑगस्ट असे दोन मुक्काम झाले. १० ऑक्टोबरला हिशोब १४ एप्रिलपासूनचा, म्हणजे दोन्ही मुक्काम धरले जातात आणि ६० दिवस आधीच गेलेले असतात. २५ नोव्हेंबरला हिशोब ३० मेपासूनचा, म्हणजे मेचा एकच दिवस उरतो. कॅलेंडरच्या सहामाहीशी याचा काही संबंध नाही, आणि देश सोडून परत आल्याने आकडा शून्यही होत नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे.

रानवाट

नोकरदारांचे कागद सगळे सांगतात: ३ महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं, कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र. अडचण येते ती शेती किंवा स्वतःचा धंदा असणाऱ्यांची, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो.

धंदा असेल तर: जीएसटी नोंदणी किंवा उद्यम प्रमाणपत्र किंवा शॉप ॲक्ट परवाना, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, धंद्याच्या चालू खात्याचा उतारा आणि वैयक्तिक खात्याचा वेगळा, आणि आयकर विवरणपत्रं. रजेच्या पत्राऐवजी स्वतःच्या लेटरहेडवर पत्र: धंदा काय, कधीपासून, किती माणसं कामाला, आपण नसताना कोण बघणार. शेवटचा मुद्दा लोक गाळतात, पण परत येण्याचं कारण म्हणून तोच मोलाचा आहे.

शेती असेल तर ७/१२, ८-अ आणि बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या पट्ट्या, म्हणजे माल कुठे गेला आणि पैसे कसे आले त्याच्या पावत्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून विवरणपत्र भरलं नसेल तर ते पत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर अधिकाऱ्याला खात्यातल्या पैशाचा उगम कळत नाही. ७/१२ मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून मूळ उताऱ्यासोबत लावा. नुसता मराठी उतारा लावणं म्हणजे न लावल्यासारखंच. जन्मदाखला, विवाहनोंदणीचा दाखला मराठीत असतील तर त्यांनाही हेच लागू.

निवृत्तांनी निवृत्तिवेतनाचा आदेश आणि ते जमा होणाऱ्या खात्याचा उतारा लावावा. विद्यार्थ्यांनी बोनाफाइड आणि कॉलेजची सुट्टी किंवा परवानगीचं पत्र.

शेवंती

बँकेच्या उताऱ्यात नेमके किती पैसे दिसायला हवेत? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

तळटीप

कारण आकडा देशाचा असतो. प्रत्येक देश आपला संदर्भ आकडा जाहीर करतो. फ्रान्सचा आकडा हॉटेल आधीच बुक असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो, बुकिंग नसेल तर १२० युरो. स्पेनचा तिथल्या किमान वेतनाशी बांधलेला आहे: माणशी दिवसाला मासिक किमान वेतनाच्या १० टक्के, आणि मुक्काम छोटा असला तरी एकूण किमान ९० टक्के. म्हणून तो वर्षागणिक बदलतो, मागच्या वर्षीचा आकडा धरून बसू नका.

पण हा तळाचा आकडा झाला. अधिकारी बघतो तो खात्याचा ओघ: दर महिन्याला काय येतं, काय जातं, किती उरतं. ४० हजार शिल्लक असणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी ५ लाख आले की ते पैसे तुमचे नाहीत असाच अर्थ काढला जातो. ठेव मोडली असेल, जमीन किंवा गाडी विकली असेल, भिशी लागली असेल, तर त्याचा कागद लावा आणि पत्रात एक ओळ लिहा. मुदतठेवीच्या पावत्या जोडायला हरकत नाही, पण त्या आधार म्हणून. रोजचा खर्च बचत खात्यातून भागेल असं दिसलं पाहिजे.

उतारा ३ महिन्यांचा की ६, हे देशाच्या यादीत बघा. प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का आणि सही असावी. फक्त ॲपमधून छापलेला उतारा बरीच केंद्रं परत करतात. उतारा अर्जाच्या दिवसाच्या शक्य तितका जवळचा असावा.

कंदील

बुकिंगबद्दल. व्हिसा हातात येण्याआधी परत न होणारं तिकीट काढू नका. आरक्षण पुरतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. पण एक धोका आहे. काही एजंट थोडक्या पैशांत 'डमी' तिकीट देतात, आणि ते आरक्षण दोन-तीन दिवसांत गळून पडतं. आठवड्याने अधिकाऱ्याने पीएनआर (आरक्षण क्रमांक) तपासला तर तिथे काहीच सापडत नाही. त्यापेक्षा रद्द करता येणारं भाडं घ्या, किंवा विमानकंपनी स्वतः काही दिवस आरक्षण धरून ठेवते ती सोय घ्या.

हॉटेलच्या बुकिंगवर सगळ्या प्रवाशांची नावं हवीत, एकट्याचं नाव आणि 'प्रौढ ४' एवढं नको. मधली एकही रात्र मोकळी ठेवू नका. रात्रीच्या रेल्वेने प्रवास असेल तर तिकीट दाखवा. अर्ज देऊन झाल्यावर सगळी बुकिंगं लगेच रद्द करायची ही युक्ती बोकाळली आहे. दूतावास हॉटेलला विचारू शकतो, आणि विचारल्यावर 'रद्द झालंय' असं उत्तर आलं तर नकार जवळपास हमखास.

सोबतचं पत्र एका पानाचं ठेवा. कोण जाणार, आपसातलं नातं, कुठून कुठे आणि कोणत्या तारखांना, खर्च कोण करणार, आणि परत कशासाठी यायचं आहे. युरोपच्या सौंदर्याचं वर्णन नको. गठ्ठ्यात काही वेगळं दिसत असेल (आडनाव वेगळं, मोठी रक्कम जमा, नोकरी नुकतीच बदललेली) तर ते इथेच सांगून टाका. शंका येण्याआधी उत्तर दिलेलं चांगलं.

मोरपीस

नमस्कार मंडळी. प्रश्न असा: आई-वडील दोघेही सत्तरीच्या आसपास, मुलगी जर्मनीत नोकरीला आणि दोन महिने तिच्याकडे राहायचं. वडिलांना निवृत्तिवेतन आहे, आईला स्वतःचं उत्पन्न नाही. खर्च मुलगी करणार. हॉटेलचं बुकिंग नाहीच, मग काय लावायचं?

पाणवठा

@मोरपीस, इथे कागद मुलीच्या बाजूने सुरू होतात. जर्मनीत 'फेरफ्लिश्टुंग्सएर्कलेरुंग' नावाचं हमीपत्र असतं. मुलगी तिच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन ते करते, शुल्क एका हमीपत्राला २९ युरो. त्यात ती पाहुण्यांच्या राहण्याचा, आजारपणाचा आणि गरज पडली तर परत पाठवण्याचाही खर्च कायद्याने उचलते, म्हणून कार्यालय तिचा पगार तपासतं. कार्यालयाची भेट मिळायला वेळ लागतो, तेव्हा तिथली तारीख आधी, इथली नंतर. मूळ प्रत कुरियरने मागवा, स्कॅन चालत नाही. त्यावर दोघांचे पासपोर्ट क्रमांक अचूक आहेत ना, हे तिने सही करण्याआधीच बघावं.

सोबत मुलीच्या पासपोर्टची आणि राहण्याच्या परवान्याची प्रत, तिचं साधं निमंत्रणपत्र (तारखा आणि पत्त्यासह), आणि नातं दाखवणारा तिचा जन्मदाखला. आईच्या पासपोर्टवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर विवाहाचा दाखला.

हमीपत्र असलं तरी वडिलांचं निवृत्तिवेतन, घराचे कागद, इथे असलेली दुसरी मुलं-नातवंडं यांचे पुरावे लावा. हमीपत्र खर्चाचा प्रश्न सोडवतं, परत येण्याचा सोडवत नाही. आईच्या अर्जात व्यवसायाच्या जागी गृहिणी, आणि खर्च कोण करणार इथे मुलीचं नाव. वडिलांचे कागद तिच्याही गठ्ठ्यात पुन्हा लावा. प्रत्येक अर्ज स्वतंत्र वाचला जातो, दुसऱ्याच्या फाइलमध्ये बघा असं चालत नाही.

दुसरे देश: फ्रान्समध्ये यजमान नगरपालिकेतून 'आतेस्तास्यों दाकेय' घेतो. नेदरलँड्समध्ये हमी आणि राहण्याच्या सोयीचा ठरलेला फॉर्म आहे, त्यावरची सही नगरपालिकेत प्रमाणित करावी लागते.

तळटीप

ज्येष्ठांच्या विम्याबद्दल इथेच सांगतो. किमान ३० हजार युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत वैध, संपूर्ण मुक्कामभर, आणि त्यात तातडीचा उपचार, रुग्णालय, वैद्यकीय कारणाने मायदेशी आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणणं हे सगळं हवं. पॉलिसी डॉलरमध्ये असेल तर युरोत रूपांतर करून बघा. २५ हजार डॉलरची स्वस्त पॉलिसी इथे अपुरी पडते. प्रमाणपत्रावर 'शेंगेन' हा शब्द आणि पासपोर्ट क्रमांक छापलेला असला की प्रश्न येत नाही.

ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींत आजारागणिक उपमर्यादा असते: एकूण रक्कम मोठी दिसते, पण हृदयविकारासाठी त्यातली थोडीच. व्हिसा त्यावर मिळेलही, पण तिथल्या रुग्णालयाचं बिल भागणार नाही. आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह लपवून पॉलिसी घेऊ नका, दावा त्याच कारणाने फेटाळतात. थोडा हप्ता जास्त गेला तरी उपमर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

रानवाट

मुलांबद्दल राहिलं. १८ वर्षांखालच्या मुलाच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या. एकच पालक सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत. आजी-आजोबांसोबत जाणार असेल तर दोघांची संमती. घटस्फोट झाला असेल तर ताबा कोणाकडे हे सांगणारा न्यायालयाचा आदेश. शाळा चालू असताना जायचं असेल तर शाळेचं रजेचं पत्र, कारण त्याशिवाय 'परत येणार का' हा प्रश्न मुलाच्या नावानेही उभा राहतो.

आडवाट

व्हिसा नाकारला गेला तर? ठरावीक फॉर्मवर दोन खुणा मिळतात: 'प्रवासाचा हेतू आणि अटी सिद्ध झाल्या नाहीत' आणि 'परत जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका'. यावरून नेमकं काय चुकलं हे कसं ओळखायचं? लगेच पुन्हा अर्ज करावा का?

कंदील

@आडवाट, फॉर्म सगळ्या देशांचा एकच आहे आणि खुणा मोघम वाटतात, पण त्या वाचता येतात.

हेतूवरची खूण बहुधा बेताशी जोडलेली असते: बुकिंग तपासता आलं नाही, मुक्काम अर्जाशी जुळला नाही, निमंत्रणात आणि अर्जात वेगळं लिहिलं, किंवा पगाराच्या मानाने सहल फार लांब आणि महाग. 'माहिती विश्वासार्ह नाही' ही खूण असेल तर एखादा कागद खोटा किंवा विसंगत वाटला, हे जास्त गंभीर. साधनांवरची खूण पैशांची. परतीच्या इराद्याची खूण इथल्या बंधनांची: नोकरी नवी, रजेचं पत्र नाही, कुटुंबाचा उल्लेख नाही, आधीचा प्रवास नाही. तुमच्या दोन्ही खुणा एकत्र येतात तेव्हा गठ्ठा घेऊन बसा आणि पहिल्या पोस्टमधल्या तक्त्याशी प्रत्येक कागद पुन्हा ताडा. बऱ्याचदा तिथेच सापडतं.

पुन्हा अर्ज करायला थांबण्याची सक्तीची मुदत नाही. पण तेच कागद तसेच परत दिले तर उत्तरही तेच येतं. काय बदललं ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. देश बदलून नकार लपत नाही, सगळ्यांना एकच नोंद दिसते.

अपिलाचा हक्क आहे, आणि तो ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याप्रमाणे. मुदत आणि पत्ता नकाराच्या पत्रातच असतो. फ्रान्सच्या बाबतीत ३० दिवस. जर्मनीने दूतावासाकडे फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणं किंवा नवा अर्ज, एवढेच मार्ग. नेटवर अजून फेरविचाराचे नमुने फिरतात, त्यांवर वेळ घालवू नका. सहलीच्या व्हिसासाठी माझं मत: कागदात खरी त्रुटी असेल तर नवा अर्ज, कागद पूर्ण असून अधिकाऱ्याने काही वाचलंच नाही असं दाखवता येत असेल तर अपील.

गुणाकार

वरचेवर जाणाऱ्यांसाठी: १८ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळी पायरी आहे. मागच्या ३ वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर २ वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा, आणि त्यानंतर साधारणपणे ५ वर्षांचा. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी हवी. ३ वर्षंच उरली असतील तर ५ वर्षांचा व्हिसा मिळणार नाही, तेव्हा अर्जाआधी पासपोर्टच नवा करून घ्या. अर्जात बहुप्रवेश मागा आणि जुन्या व्हिशांच्या प्रती प्रवेश-निर्गमनाच्या शिक्क्यांसह लावा.

शिक्क्यांवरून आठवलं: १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्यांच्या जागी ईईएस ही प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने आली. दिवस आता यंत्र मोजतं. एखादा दिवस जास्त राहिलो तरी कोणाच्या लक्षात येत नाही, हा समज सोडून द्या. आपले दिवस सिद्ध करायला बोर्डिंग पास जपून ठेवा. आणि ईटियास (प्रवासाआधी घ्यायची ऑनलाइन परवानगी) आपल्याला लागू नाही, ती व्हिसा न लागणाऱ्यांसाठी आहे. तिच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सांभाळा.

मोरपीस

पाणवठा, तळटीप, खूप आभार, हमीपत्राची तारीख आजच घ्यायला सांगते. एक शेवटचं: दोन महिन्यांत मध्ये चार दिवस लंडनला भाच्याकडे जायचं त्यांच्या मनात आहे.

पाणवठा

मग दोन गोष्टी. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल, आणि शेंगेनच्या अर्जात प्रवेशांची संख्या 'एक' नको. लंडनला गेलं की शेंगेनमधून बाहेर पडलं. एकप्रवेशी व्हिसा तिथेच संपतो आणि जर्मनीला परत येता येत नाही, दिवस शिल्लक असले तरीही. पत्रात लंडनच्या तारखा आणि कारण लिहा, जाण्या-येण्याचं आरक्षण लावा आणि दोन किंवा अनेक प्रवेश मागा.

क्रमही ठरवून घ्या. दोन्ही अर्जांना पासपोर्ट लागतो, त्यामुळे ब्रिटनचा व्हिसा आधी, तो हातात आल्यावर शेंगेन. म्हणजे जर्मनीच्या अधिकाऱ्याला लंडनचा बेत खरा आहे हे पासपोर्टवरूनच दिसेल. हमीपत्राच्या मुदतीत हे दोन्ही बसतं का, ते तारखा घेण्याआधी मोजून बघा. आणि पासपोर्ट परत आल्यावर केंद्राच्या दारातच स्टिकर वाचा: नाव, पासपोर्ट क्रमांक, दिवस आणि प्रवेशांचा रकाना. तिथे 'एक' आलं असेल तर तेव्हाच सांगा.